कोड बरोबर, तरी पॅच अडला? या चुका टाळा

ओपन सोर्स (कोड सर्वांना खुला असलेल्या) प्रकल्पाला पाठवलेला बदल, म्हणजे पॅच, परत आला, की नवखा माणूस आधी आपल्या कोडमध्ये खोट शोधतो. पण पुष्कळदा कोड ठीक असतो, तपासणाऱ्याला तो धड वाचता येत नाही. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, बहुधा नोकरी सांभाळून हे काम करतो. त्याचा वेळ वाचवणं हे मला पहिलं कर्तव्य वाटतं.

त्यात सगळ्यात महागात पडते ती एकाच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल सामावून घेण्याच्या विनंतीत) दोन-तीन कामं कोंबण्याची सवय. बग दुरुस्त करता करता शेजारच्या फंक्शनचं नाव खटकलं म्हणून बदललं, वर फाइल सेव्ह होताना एडिटरने सगळं फॉरमॅट करून टाकलं. दुरुस्ती चार ओळींची, डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) चारशे ओळींचा! त्या गर्दीत खरी चूक सहज निसटते. पुढे गिटच्या (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) बायसेक्ट या शोध-कमांडने दोषी कमिट (नोंदवलेला बदल) सापडला, तरी त्यातलं नेमकं काय बिघडलं ते कळत नाही. रिव्हर्ट करावा, म्हणजे तो कमिट उलटवावा, तर चांगली दुरुस्तीही जाते. म्हणून त्या प्रकल्पापुरतं ऑटो-फॉरमॅट बंद ठेवा. 'गिट ॲड'ला 'पॅच' हा पर्याय लावला की बदलाचा एकेक तुकडा समोर येतो. हवा तेवढाच घ्या.

डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही, पण डिफमध्ये अख्खी फाइल बदललेली? मग ओळीच्या शेवटाची चिन्हं तपासा. विंडोजवर तिथे दोन अक्षरं असतात, लिनक्सवर एक. ही चिन्हं आपोआप बदलणाऱ्या गिटच्या 'ऑटोसीआरएलएफ' सेटिंगमध्ये बहुतेक वेळा गोम सापडते.

फोर्कच्या (प्रकल्पाच्या आपल्या प्रतीच्या) मेन ब्रँचवरच, म्हणजे मुख्य शाखेवरच, काम केलं, तर पुढचा प्रत्येक कमिट उघड्या पुल रिक्वेस्टमध्ये जाऊन बसतो. असं झालं असेल तर आधी तिथूनच नवी ब्रँच काढून काम सुरक्षित करा, मगच मेन ब्रँच अपस्ट्रीमच्या (मूळ प्रकल्पाच्या) जागी आणा. रिबेस करताना (आपले कमिट नव्या पायावर पुन्हा रचताना) कमिट हरवले तरी घाबरू नका: गिट रेफलॉगमध्ये (ब्रँच कुठे-कुठे होती याच्या नोंदवहीत), सेटिंग बदललेली नसेल तर, अशा ब्रँचपासून तुटलेल्या कमिटच्या नोंदीही 30 दिवस राहतात.

प्रत्येक प्रकल्पाची रीत वेगळी. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) पॅच ईमेलने जातो, गिटहबवरची पुल रिक्वेस्ट तिथे चालत नाही. कोणाला पाठवायचा हे 'गेट मेंटेनर' स्क्रिप्ट सांगते आणि 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ (हा कोड द्यायचा हक्क आपल्याला आहे, अशी सही) नसेल तर पॅच स्वीकारत नाहीत. कमिट संदेशात काय बदललं यापेक्षा का बदललं ते लिहा. काय ते डिफमध्ये दिसतंच.

उत्तर आलं नाही, तर कर्नलच्या नियमांनुसार किमान आठवडाभर थांबून मग आठवण करायची. इतर प्रकल्पांतही मी तेवढंच थांबतो.