शाळेचा दाखला मिळाला नाही, म्हणून पोटगी थांबवू नका

माझा मुलगा सतरा वर्षांचा, आईकडे राहतो. अकरावीनंतर तो शाळेत जातो की नाही, याचा एकही कागद मला मिळेना. मीही रागाने पोटगी थांबवणार होतो. इंदूरच्या कोर्टातल्या आमच्या वकीलकाकांनी अडवलं, ते बरंच झालं.

अठरा पूर्ण होईपर्यंत पोटगी शाळेवर अवलंबून नसते. पोर घरी बसलं तरी त्याला जेवण लागतंच. रक्कम थकली की वसुलीचा अर्ज होतो, वॉरंट निघतं, तुरुंगवासही होऊ शकतो. म्हणून दर महिन्याला बँकेतूनच पाठवा. शेऱ्यात महिना आणि 'पोटगी' लिहा. रोख देऊ नका.

मग कागद मागा, पण गोडीने. मी लिहिलं, "बोनाफाईड आणि फीची पावती पाठव, पुढची फी मी थेट कॉलेजात भरतो." आठ दिवसांत पावतीचा फोटो आला. चुरगळलेली, कोपऱ्यात चहाचा डाग, पण बारावी कॉमर्स स्पष्ट वाचता येत होतं. तो फोटो मी अजून जपून ठेवलाय. फी भरली म्हणून पोटगीतून परस्पर वळती मात्र करू नका.

अठरा जवळ आले की मूळ आदेश पुन्हा वाचा. रक्कम बदलायची असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 च्या कलम 146 खाली अर्ज करा. मुलगी असेल तर हिशेब वेगळा: 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीचा हक्क अठरानंतरही राहतो.