चवथीनंतर निघण्याआधी

बाय, काल तुझ्या आईने फोनवर तुझ्या सामानाची यादी वाचून दाखवली. दोन बॅगा, चार स्वेटर, कुकर, मेतकूट, लोणचं, तापाच्या गोळ्या. यादी बरोबर आहे आणि ती सगळं नीट भरून देईल. पण जर्मनीत लाइपझिगला मी 14 महिने एकटी राहिले तेव्हा मला जे कमी पडलं, ते बॅगेत भरून नेण्यासारखं नव्हतंच. म्हणून ही दुसरी यादी, फक्त तुझ्यासाठी. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाली की तू जर्मनीला शिकायला निघणार. तोवर हातात अडीच महिने आहेत.

कागदांचं थोडक्यात सांगते. पासपोर्ट, पदवीची प्रमाणपत्रं, जन्मदाखला, विम्याचे कागद यांच्या दोन-दोन प्रती काढ, एक संच आईकडे ठेव. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये, म्हणजे पैसे अडकवून ठेवणाऱ्या खात्यात, वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, 2024 च्या सप्टेंबरपासून हा आकडा आहे. त्यातून महिन्याला 992 युरोच हाती येतात, तेव्हा खर्च लिहायची सवय आजपासून लाव, कदंब बसच्या तिकिटापासून. दातांचं काम असेल तर इथेच उरकून घे, चष्मा असेल तर दुसरा करून घे. नेहमीची औषधं तीन महिन्यांपुरती, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ने. तिथे चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळत नाही.

या सगळ्यासाठी बाबांना पणजीला पाठवू नकोस, स्वतः जा. मला खरं सांगायचंय ते इथून पुढे. तिथे घर घेतल्यावर दोन आठवड्यांच्या आत ब्युर्गरआम्टात, म्हणजे तिथल्या नागरी कार्यालयात, जाऊन पत्ता नोंदवावा लागतो, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. खिडकीपलीकडचा माणूस जर्मनमध्ये काहीतरी विचारतो आणि मागे कोणी उभं नसतं. इथल्या पंचायतीत साधा रहिवासी दाखला आणायला तू कधी एकटी गेली आहेस? मी गेले नव्हते. 26 वर्षांची होईपर्यंत माझं प्रत्येक काम दादाने किंवा बाबांनी केलं होतं, आणि त्याला मी लाड समजत होते.

आपल्याकडे बाहेरगावी जाणं नवीन नाही. गोव्यातल्या कितीतरी घरांतला एक तरी माणूस तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, असतो. पण मुंबईत बोटीची वाट बघणारे तारवटी धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांत, उतरत. एकेका गावाची एकेक कूड, शेजारच्या खाटेवर आपल्याच वाड्यावरचा माणूस. बोटीवरही सोबत असायचीच. परदेशी जायचं कसं हे गोव्याला चार पिढ्यांपासून ठाऊक आहे, पण खोलीत एकटं कसं राहायचं हे आपल्याला कोणी शिकवलं नाही. ते आपलं आपण शिकायचं, आणि सुरुवात इथेच करायची.

सुरुवात लहान ठेव. दर आठवड्याला एक काम असं निवड, जे आजवर तुझ्यासाठी दुसऱ्या कोणीतरी केलंय. बँकेत जाऊन खात्याची चौकशी. विजेचं बिल. स्कूटर सर्व्हिसला टाकणं आणि मेकॅनिकला हिशेब विचारणं. एकदा पणजीत एकटीने जेव, मोबाइल पर्समध्ये ठेवून. पहिली दहा मिनिटं सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटतं. मग लक्षात येतं की कोणीही बघत नाहीये. हे पणजीत कळलेलं बरं.

स्वयंपाकाचं मात्र सविस्तर सांगते, कारण पहिल्या दोन महिन्यांत मन सावरण्याचं अर्धं काम पोटच करतं. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा तूप आणि पेढे काढून ठेव. मानकुराद आंबाही नाही, फळांना रोगमुक्तीचा दाखला लागतो. नारळ मात्र त्या नियमातून सुटतो! सुकी सुंगटं (कोळंबी) आणि सुका बांगडाही चालतो, फक्त प्लॅस्टिकच्या तीन थरांत बांध. सोलां (आमसुलं) ने, तेफळं (तिरफळं) ने, उकडे तांदूळ दोन किलो. कुकरचं जास्तीचं रबर आणि शिट्टी विसरू नकोस, आणि बूड सपाट आहे ना ते बघ, कारण बहुतेक खोल्यांत विजेची शेगडी असते. आपली तीन पिनांची प्लग तिथे बसत नाही. व्होल्टेज सारखंच आहे, फक्त अडॅप्टर लागतो. आणि फोडणी घालण्याआधी खिडकी उघड. खोलीत धुराचा अलार्म असतो, मोहरी तडतडली की तोही ओरडतो आणि अख्खा मजला दारात येतो.

सामान नेलंस तरी हुमण (माशांची आमटी) आईच्या हातचं होणार नाही. सुंगटांची आमटी, सोलकढी आणि साधी डाळ, एवढं तरी फोन न लावता करता आलं पाहिजे. निघण्याआधी महिनाभर दर बुधवारचं जेवण तुझं. बिघडलं तरी घरातल्यांनी ते खायचं, हे मी तुझ्या आईशी बोलून ठेवते.

आता किल्लीची गोष्ट. तिथली पुष्कळशी दारं बाहेरून ओढली की आपोआप बंद होतात, बाहेरच्या बाजूला फिरणारी मूठच नसते. नोव्हेंबरमधल्या एका रविवारी मी कचरा टाकायला खाली गेले. अंगात घरचे कपडे, पायांत चपला, किल्ली आत टेबलावर, फोनही आत. रविवारी दुकानं बंद असतात, रस्त्यात माणूस नसतं. जिन्यात बसून मी रडले. फोन असता तर मी फोंड्याला आईला लावला असता, आणि तिने सात हजार किलोमीटरवरून काय केलं असतं? रात्रभर जागली असती. अर्ध्या तासाने उठले आणि समोरच्या दाराची बेल वाजवली. तीन महिन्यांत त्या आजींना मी फक्त मान हलवून नमस्कार केला होता. मोडक्या जर्मनमध्ये दोन वाक्यं बोलले. त्यांनी आत बोलावलं, लोकरी मोजे दिले, इमारतीच्या देखभाल करणाऱ्याला फोन लावला. तो दीड तासाने आला. तोवर आम्ही चहा प्यायलो. दुसऱ्या दिवशी मी दुसरी किल्ली त्यांच्याकडे नेऊन ठेवली.

त्या दिवसापासून मी बदलले. पुढे बँकेत, दवाखान्यात, स्टेशनवर अडलं की मला तो जिना आठवायचा आणि पाय आपोआप पुढे पडायचा. म्हणून यादीत लिही: पोचल्यावर पहिल्या आठवड्यात शेजारच्या दोन दारांवर जाऊन नाव सांगायचं. त्यासाठीची पाच जर्मन वाक्यं आत्ताच पाठ कर, व्याकरणाच्या पुस्तकाआधी.

फोनचं आईशी नीट ठरव, नाहीतर दोघींचे हाल होतील. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार तास. तुझे संध्याकाळचे सात म्हणजे हिवाळ्यात तिचे रात्रीचे साडेअकरा, तेव्हा पाच वाजताच बोल. रोज पंधरा मिनिटं पुरतात. आणि स्वतःशी एक नियम कर: काही बिघडलं तर आधी तासभर आपणच मार्ग शोधायचा, मग घरी सांगायचं. आजारपण आणि धोका याला अपवाद. तिथे एक क्षणही थांबू नकोस. 112 हा तिथला आपत्कालीन क्रमांक आहे, आजच फोनमध्ये टाक. ताप दोन दिवस उतरला नाही तर डॉक्टर, शेजारी, मैत्रीण, ज्याला सांगता येईल त्याला सांग. लपवून सोसण्यात काही शौर्य नाही.

डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो. आपल्यासारख्या उन्हातल्या माणसांना तो जड जातो, मलाही गेला. तेव्हा दर रविवारची एक गोष्ट आधीच ठरलेली असू दे: नदीकाठी चालणं, एखादं समूहगान, सायकल, काहीही, पण जिथे ठरल्या वेळी तुझी वाट बघितली जाते असं. सुट्टीचा दिवस मोकळा ठेवलास तर तो खायला उठतो.

हे सगळं घरात बसून नुसतं वाचशील, म्हणून एक व्यवस्था केलीय. माझी फोंड्याची खोली जुलैत रिकामी आहे. 15 दिवस तिथे एकटी राहा. डबा येणार नाही, दादा स्कूटरवरून भाजी आणणार नाही, आईने मधे एकदाही यायचं नाही, हे तिला मी सांगितलंय, ती अजून रुसलेली आहे. पावसात वीज जाते, मेणबत्त्या कुठे आहेत ते तूच शोध. सिलिंडर संपत आलाय, तो मी भरून ठेवत नाही. किल्ली शनिवारी घेऊन जा, आणि दुसरी कोणाकडे ठेवायची ते ठरवून ये.