ब्रेझाला मोठे अलॉय घालण्याआधी

माझ्या मारुती ब्रेझाला कंपनीचे २१५/६० आर१६ टायर होते, म्हणजे रुंदी २१५ मिमी, भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के आणि रिम १६ इंची. मला १७ इंची अलॉय (मिश्रधातूचे रिम) हवे होते. दुकानदार २३५ चे रुंद टायर पुढे करत होता, दिसायला झकास! पण मी मोबाईलवर गणित मांडलं: जुन्या चाकाचा व्यास ६६४ मिमी, २१५/५५ आर१७ चा ६६८. फरक चारच मिमी, म्हणजे स्पीडोमीटर जवळपास खरं बोलणार. तेच घेतले.

पीसीडी ५x११४.३ (पाच बोल्ट, त्यांच्या वर्तुळाचा व्यास ११४.३ मिमी) जुळला म्हणून मी खूश, आणि तिथेच फसलो. अलॉयचं मधलं भोक हबपेक्षा (गाडीचा जो भाग त्या भोकात बसतो) मोठं होतं. ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं. दोनदा बॅलन्सिंग केलं, काही उपयोग नाही. शेवटी हबवर बसणाऱ्या मापाच्या रिंगा टाकल्या, तेव्हा थांबलं. तुम्ही या भोकाचं माप आधीच विचारा. ऑफसेटही (चाक किती आत-बाहेर बसतं ते माप) जुन्याच्या जवळचा ठेवा, नाहीतर पूर्ण वळवल्यावर टायर चाकावरच्या कमानीच्या आतल्या लायनरला घासतो.

लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको. टायरच्या बाजूवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडेही वाचा: २३२४ म्हणजे टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. आणि खड्ड्यांचा रस्ता रोजचा असेल तर १६ च बरे, रबराची भिंत उंच राहते.