मेंब्रेन सतत चोक होत होतं, कारण भलतंच निघालं

आमचं अंबडला फूड युनिट आहे, ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये) एमबीआर, म्हणजे जिवाणूंनी साफ केलेलं पाणी बारीक छिद्रांच्या मेंब्रेनमधून गाळायची सोय. मागच्या द्राक्ष सीझनला टीएमपी (मेंब्रेनमधून पाणी जायला लागणारा दाब) वर चढायला लागला, हायपोने (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच) धुतलं की दोन दिवस बरं आणि परत जैसे थे. सगळ्यांचं म्हणणं मेंब्रेन संपलंय, बदला. मला पटेना, कारण मेंब्रेन एवढं जुनं नव्हतंच.

मग एका रविवारी निवांत पाइपलाइन बघत फिरलो तर कळलं की फिल्टर प्रेसचं (स्लज, म्हणजे गाळ, दाबून पाणी काढणारं मशीन) पाणी सरळ मेंब्रेन टँकच्या तोंडाशी येतंय, आणि प्रेस चालवणारे काका पॉली (गाळाचे गोळे बांधणारं पॉलिमर) अंदाजाने, मगाने टाकतायत. ती पॉली कॅटायनिक, म्हणजे पॉझिटिव्ह चार्जवाली. आपलं पीव्हीडीएफ (एक प्रकारचं प्लास्टिक) मेंब्रेन पाण्यात सहसा निगेटिव्ह असतं, त्यात पीव्हीडीएफ मुळात पाण्यापासून फटकून राहणारं, म्हणून कंपनीवाले वर पाणी धरणारा थर देतात. स्लजला न चिकटलेली जास्तीची पॉली त्या पृष्ठभागावर जाऊन बसते आणि मग प्रोटीन, चिकट घाण तिच्यावर. नुसतं हवेने हलवून ती निघत नाही.

काय केलं? जार टेस्ट करून (छोट्या भांड्यांत वेगवेगळे डोस टाकून बघून) डोस निम्म्यावर आणला, प्रेसचं पाणी इक्वलायझेशन टँकला (सुरुवातीची टाकी, जिथे सगळं सांडपाणी एकत्र होतं) वळवलं, तिथे उरलीसुरली पॉली घन पदार्थांनाच चिकटते. मग हायपोत रात्रभर सोक, भरपूर पाण्याने धुऊन दुसऱ्या दिवशी सायट्रिक ॲसिड. हे दोन्ही कधीच एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो!

तीन आठवड्यांत टीएमपी खाली आला तो अजून तिथेच आहे. काकांना आता मोजमापाचा जग दिलाय.