पावसाचा अंदाज पाहण्याआधी वाऱ्याचा नकाशा कसा वाचावा

पावसाळ्यात मोबाइलवर दिसणारे निळे-जांभळे पावसाचे नकाशे दिवसातून अनेकदा रंग बदलतात आणि सकाळी दाखवलेला मुसळधार पाऊस संध्याकाळपर्यंत शेजारच्या जिल्ह्यात सरकलेला असतो. नेमक्या ठिकाणचा पावसाचा आकडा हा संगणकीय प्रारूपांचा कच्चा दुवा आहे. त्या मानाने मोठ्या पट्ट्यावरचे वारे दोन-तीन दिवस आधी बऱ्यापैकी बरोबर सांगता येतात. म्हणून आपल्या तालुक्याला पाऊस का मिळतो आणि का हुलकावणी देतो, हे समजून घ्यायचे असेल त्याने आधी वारा पाहावा आणि पावसाचा रंग शेवटी पाहावा. पुढील पद्धत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी आणि महाराष्ट्र-गोव्यासाठी आहे.

पहिली गोष्ट उंचीची. विंडीसारखे ॲप उघडल्यावर सुरुवातीला जमिनीलगतचा वारा दिसतो. तो डोंगर, इमारती आणि खारे-मतलई वारे यांमुळे इतका बदललेला असतो की त्यावरून मोसमी प्रवाहाची कल्पना येत नाही. त्याऐवजी 850 हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचे एकक), म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीचा थर निवडावा. सह्याद्रीची बहुतेक शिखरे या उंचीखाली राहतात, त्यामुळे इथे प्रवाह स्वच्छ दिसतो. हवामान विभागाच्या नकाशात वाऱ्यासाठी काडी आणि तिला जोडलेल्या रेघा असतात: आखूड रेघ 5 नॉट, पूर्ण रेघ 10 नॉट आणि भरीव त्रिकोण 50 नॉट. रेघा ज्या टोकाला असतात, त्या बाजूने वारा येत असतो. एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर.

आता नकाशा लहान करून मॉरिशसपासून हिमालयापर्यंतचा प्रदेश एका चौकटीत आणावा. दक्षिण हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेस, मस्कारेन बेटांच्या परिसरात हवेचा जास्त दाब असतो. तिथून निघालेले आग्नेय वारे विषुववृत्त ओलांडताना पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळू लागतात, पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशाला घासून सोमालियाच्या किनाऱ्याजवळ वेग घेतात आणि अरबी समुद्र ओलांडून नैर्ऋत्य किंवा पश्चिम वारे म्हणून आपल्या किनाऱ्यावर येतात. हा प्रवाह सलग आणि जोरकस असेल, तर पावसाचे इंधन पोहोचते आहे असे समजावे. तो सोमालियाजवळच अडखळत असेल किंवा अरबी समुद्रात विस्कटलेला असेल, तर मोसमी पावसाच्या आगमनाच्या बातम्यांनी हुरळून जाऊ नये. केरळातील आगमन जाहीर करताना हवामान विभागही केवळ पाऊस मोजत नाही. ठरावीक 14 केंद्रांपैकी किमान 60 टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस 2.5 मिलिमीटर वा अधिक पाऊस होण्याबरोबरच पश्चिम वाऱ्यांची जाडी आणि वेग हेही निकष तपासले जातात.

यानंतर किनाऱ्यावर नजर स्थिर करावी, कारण कोकण आणि घाटमाथ्याचे बरेचसे उत्तर इथेच मिळते. सह्याद्री ढोबळमानाने उत्तर-दक्षिण उभा आहे. वारा पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून आला की तो डोंगराला जवळजवळ काटकोनात धडकतो, वर चढतो, थंड होतो आणि ओझे घाटमाथ्यावर उतरवतो. तोच वारा वायव्येकडे झुकला, तर तो कड्यांना तिरका घासत जातो आणि पावसाचा जोर ओसरतो. माझ्या मते किनाऱ्यासमोर 850 हेक्टोपास्कलवर 25 ते 30 नॉटचा पश्चिम वारा सलग दोन दिवस दिसत असेल, तर घाटमाथ्यावरच्या माणसाने पावसाचा रंग पाहण्याचीही गरज नाही.

डोंगर ओलांडल्यावर काय होते, ते महाबळेश्वर ते वाई या उताराइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसते. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाचगणीत त्याच्या निम्म्याहून कमी आणि घाट उतरून वाईला पोहोचेपर्यंत तो त्याच्याही निम्म्याच्या आसपास येतो. खाली उतरणारी हवा तापते आणि कोरडी होते. तिथून पूर्वेकडे माण-खटावपर्यंत गेले की वारा भरपूर आणि पाऊस नाही, अशी स्थिती कित्येक आठवडे टिकते. म्हणजे ज्या जोरकस पश्चिम वाऱ्याने कोयनेचे धरण भरते, तोच माणमधल्या दहिवडीकराला नुसता धुरळा देऊन जातो. पर्जन्यछायेतल्या शेतकऱ्याने या वाऱ्याकडे आशेने पाहू नये. त्याचा पाऊस बहुधा दुसऱ्याच व्यवस्थेतून येतो.

ती व्यवस्था ओळखण्यासाठी 'मॉन्सूनचा आस' कुठे आहे, ते पाहावे. राजस्थानातील श्रीगंगानगर-बिकानेरपासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेला हा कमी दाबाचा पट्टा आहे. नकाशावर त्याच्या दक्षिणेला पश्चिम वारे आणि उत्तरेला पूर्व वारे असतात, त्यामुळे दोन प्रवाहांमधली सीमा डोळ्यांनी शोधता येते. आस मूळ जागी किंवा तिच्या दक्षिणेस असेल, तर मध्य भारत आणि विदर्भात पाऊस सक्रिय राहतो. तो हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की बिहार, आसामात पूर येतात आणि आपल्याकडे खंड पडतो. ऑगस्ट 2023 मध्ये असाच दीर्घ खंड पडला, त्यात एल निनोची (प्रशांत महासागराचे पाणी तापण्याच्या स्थितीची) भर पडली आणि देशभरातला पाऊस सरासरीपेक्षा 36 टक्के कमी राहून 1901 पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला.

खंड मोडतो तो बहुधा बंगालच्या उपसागरात नवे कमी दाबाचे क्षेत्र तयार झाल्यावर. हे क्षेत्र साधारणपणे ओडिशाच्या किनाऱ्यावरून जमिनीवर येते आणि पश्चिम-वायव्य दिशेने सरकते. त्याचा सर्वाधिक पाऊस केंद्रावर पडत नसून केंद्राच्या नैर्ऋत्य बाजूला पडतो, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. म्हणून केंद्र छत्तीसगडवर असताना पूर्व विदर्भाने सावध व्हावे. ते मध्य प्रदेशच्या पश्चिम भागात पोहोचले की पाळी खानदेशाची येते आणि त्याच सुमारास अरबी समुद्रातले वारे ओढले जाऊन कोकणातही जोर वाढतो. क्षेत्र कोणत्या बाजूला आहे, हे नकाशाविनाही ताडता येते: वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यास उत्तर गोलार्धात कमी दाब डाव्या हाताला असतो. नागपुरात मोकळ्या माळावर वारा उत्तर-वायव्येकडून येऊ लागला, तर कमी दाब पूर्वेला आहे असे समजावे. मराठवाड्याला त्यातही आंध्र किनाऱ्यावरून तेलंगणमार्गे आत येणारी क्षेत्रे आणि सप्टेंबरमधला दुपारनंतरचा गडगडाटी पाऊस अधिक उपयोगी पडतो.

हवामान विभागाच्या दैनिक निवेदनातील वाक्येही आता उलगडता येतील. 'दक्षिण गुजरात किनाऱ्यापासून केरळ किनाऱ्यापर्यंत कमी दाबाचा पट्टा सक्रिय' असे असेल, तर किनाऱ्यालगत समुद्रावरच वारे एकत्र येत आहेत आणि कोकण-गोव्यात जोरदार सरींची शक्यता आहे. 'समुद्रसपाटीपासून 3.1 किलोमीटर उंचीपर्यंत चक्राकार वारे' असे असेल, तर थर 700 हेक्टोपास्कलवर, म्हणजे साधारण त्याच उंचीवर बदलून ते वारे खरेच तिथपर्यंत दिसतात का, हे पाहावे. याच थरात वाळवंटाकडून कोरडे वायव्य वारे घुसलेले असतील, तर खालच्या थरातली आर्द्रता कितीही असली तरी ढग उंच वाढत नाहीत. ही तपासणी बहुतेक जण टाळतात आणि मग अंदाज चुकल्याचा दोष हवामान खात्याला देतात.

वाऱ्याचा नकाशा प्रदेश सांगतो, गल्ली सांगत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ केंद्रावर 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरातील कुलाब्याला केवळ 73 मिलिमीटर. हा फरक दीड किलोमीटर उंचीच्या नकाशातून कोणालाही काढता आला नसता. म्हणून शेवटच्या दोन-तीन तासांसाठी वारा सोडून मुंबई, नागपूर किंवा गोव्याच्या डॉप्लर रडारकडे (ढगांतला पाऊस आणि त्याची हालचाल टिपणाऱ्या यंत्राकडे) वळावे आणि ढगांचे पुंजके कोणत्या दिशेने सरकतात, ते सलग तीन-चार चित्रांवरून पाहावे. रडारपासून जितके दूर जावे तितकी त्याची किरणशलाका उंचावरून जाते आणि घाटातले बुटके, पण भरपूर पाणी देणारे ढग तिच्या खालीच राहतात. त्यामुळे दूरच्या घाटमाथ्यावर चित्र कोरे दिसत असले, तरी तिथे पाऊस थांबला आहे असे गृहीत धरू नये.