जायंट व्हायरस शोधायचाय? मग ती बारीक गाळणी जरा बाजूला ठेवा

व्हायरस शोधायची जुनी रीत अशी की नमुना ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचा, वर अडकलेले बॅक्टेरिया फेकायचे आणि खाली उतरलेल्या पाण्यात व्हायरस बघायचा. जायंट व्हायरसच्या, म्हणजे आकाराने छोट्या बॅक्टेरियाएवढ्या व्हायरसच्या बाबतीत नेमकं इथंच घोडं पेंड खातं. त्यातल्या मिमिव्हायरसचं नुसतं कवचच साधारण ०.५ मायक्रॉनचं, वरचे केसांसारखे तंतू धरले तर ०.७ च्या आसपास, म्हणजे तो वरच अडकणार आणि आपण त्याला कचऱ्यात टाकणार.

आणि फेकला नाही तरी ओळखू येईलच असं नाही हं. १९९२ मध्ये इंग्लंडच्या ब्रॅडफर्डला न्यूमोनियाचा तपास चालला होता, तेव्हा कूलिंग टॉवरच्या पाण्यातल्या अमिबांमध्ये गोल ठिपके दिसले, ग्रॅम स्टेनमध्ये (बॅक्टेरिया ओळखायच्या रंगात) चक्क जांभळे, म्हणून सगळ्यांनी बॅक्टेरिया समजून ब्रॅडफर्डकॉकस असं नावही ठेवलं. फक्त बॅक्टेरियात हमखास असणारा १६एसचा जीन काही केल्या मिळेना. शेवटी फ्रान्समधल्या मार्सेयच्या टीमने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लावला आणि वीस पृष्ठांचं व्हायरसचं कवच दिसलं, तोच हा मिमिव्हायरस, ते जाहीर झालं २००३ मध्ये. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

तर आता कामाचं. तळं, ओली माती, समुद्राचा गाळ, कूलिंग टॉवर, कुठलंही पाणी चालतं. गाळायचंच असेल तर १.२ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळा, पण पिथोव्हायरस नावाचा जायंट दीड मायक्रॉन लांब असतो, त्यामुळे मी तरी आधी एक वाटा न गाळताच ठेवते. बॅक्टेरिया आणि बुरशी आवरायला अँटिबायोटिक आणि अँटिफंगल टाका. मग प्लेटच्या खड्ड्यांमध्ये ताजे अकँथामिबा (हे व्हायरस ज्यांच्यात वाढतात ते अमिबा) घेऊन त्यावर नमुना घाला, शेजारी नमुना न घातलेला कंट्रोल हवाच हवा. हे सगळं लॅबमध्येच, हातमोजे आणि गॉगल घालून, कारण व्हायरस अमिबाचा असला तरी हा अमिबा स्वतः डोळ्याला वाईट इन्फेक्शन करू शकतो.

तीन-चार दिवस रोज बघा. तब्येतीचा अमिबा तळाला पसरून चिकटलेला असतो, इन्फेक्शन झालं की तो गोल होतो, सुटून तरंगतो आणि फुटतो. पहिल्या वेळी मी सगळे गोल अमिबा बघून जाम खुश झाले आणि ते निघाले उपाशी अमिबांचे सिस्ट, म्हणजे त्यांचं झोपलेलं रूप, जाड भिंतीचे, एकदम ठणठणीत! तेव्हापासून डीएपीआय स्टेन (डीएनए निळा चमकवणारा रंग) केल्याशिवाय मी काही बोलत नाही. केंद्रकाशेजारी पेशीरसात दुसरा मोठा निळा गोळा चमकला तर ती मिमिव्हायरससारख्यांची फॅक्टरी, म्हणजे व्हायरस तयार व्हायची जागा असू शकते. काहीच दिसलं नाही तर लगेच टाकून देऊ नका, तेच पाणी ताज्या अमिबांवर दोन-तीनदा फिरवा, सुरुवातीला व्हायरस फार थोडा असतो. अमिबाला लेजिओनेला नावाचा बॅक्टेरियाही फोडतो, म्हणून तो नाही ना हे बघायला १६एसचा पीसीआर करून घ्या. मग डायल्यूट करत करत एकच व्हायरस वेगळा काढा, नाहीतर पुढे दोघांचे जीनोम एकमेकांत मिसळून डोक्याला ताप.

सिक्वेन्सिंगला लाँग रीड घ्या, म्हणजे डीएनएचे लांबलांब तुकडे एका दमात वाचणारी पद्धत. मिमिव्हायरसचा जीनोम सुमारे ११.८ लाख अक्षरांचा, पँडोराव्हायरस सॅलिनस या दुसऱ्या जायंटचा जवळपास २४.७ लाख, काही बॅक्टेरियांपेक्षाही मोठा. २०१३ मध्ये पँडोरा आला तेव्हा त्याच्या ९० टक्क्यांहून जास्त जीन्सना डेटाबेसमध्ये कोणी नातेवाईकच नव्हता, म्हणून ‘नो हिट’ आलेले तुकडे डिलीट करू नका, माल तिथंच असतो. ओळखीसाठी डीएनए पॉलिमरेज बी (डीएनएची कॉपी काढणारं एन्झाइम) आणि कवचाचं प्रोटीन यांचे जीन बघतात, पण पँडोराकडे तो नेहमीचा कवचाचा जीनच नाही, एका मार्करवर विसंबू नका.

आता सगळ्यात निसरडी जागा, उत्क्रांती. प्रोटीन बनवायच्या कामातले, टीआरएनएला अमिनो आम्ल जोडणारे एन्झाइम मिमिव्हायरसकडे ४ निघाले, टुपानव्हायरस या आणखी एका जायंटकडे तर वीसच्या वीस, त्यावरून हे एखाद्या जुन्या पेशीचे झिजलेले वंशज असं म्हणायचा मोह होतो. रायबोसोम, म्हणजे प्रोटीन बनवणारं यंत्र मात्र एकाकडेही नाही. म्हणून प्रत्येक जीनचा ट्री (वंशवृक्ष) वेगळा काढा. २०१७ मध्ये क्लोस्नूव्हायरस या जायंटच्या बाबतीत तसं केलं तर हे एन्झाइम वेगवेगळ्या यजमानांकडून वेगवेगळ्या वेळी उचललेले दिसले, म्हणजे छोटा व्हायरस उसनवारी करत फुगला. मला हेच जास्त पटतं, वाद अजून मिटलेला नाही तरी.

हे झालं की ती ०.२ ची गाळणी परत काढा. फुटलेल्या अमिबांचं पाणी त्यातून गाळा, पण या वेळी खालचं जपून ठेवा आणि तुमच्या व्हायरसबरोबर ताज्या अमिबांवर घाला. त्यात जायंटवर जगणारा चिमुकला व्हायरस असू शकतो. २००८ मध्ये सापडलेला स्पुटनिक असाच, जेमतेम ५० नॅनोमीटरचा, मामाव्हायरस या मिमिव्हायरसच्या भावंडाच्या फॅक्टरीत घुसून स्वतःच्या कॉप्या काढतो आणि मामाव्हायरसचं पीक घटवतो. तुमच्या जायंटचं पीक विनाकारण कमी येत असेल तर आधी हाच बघा.