रत्नसंग्रहाची सुरुवात: पहिले दहा खडे, त्यांतले तीन मुद्दाम खोटे

पहिला खडा घेण्याआधी भिंग घ्या. दहापट मोठं दाखवणारं आणि ट्रिपलेट, म्हणजे तीन काचा एकत्र बसवलेलं. साध्या एकेरी भिंगात कडेला रंगीत झालर दिसते आणि नवशिक्याला तो रंग खड्यातलाच वाटतो. वीसपट-तीसपटचा मोह सध्या नको. त्यात एका वेळी स्पष्ट दिसणारा थर फार पातळ असतो, हात जरा हलला की सगळं धूसर.

बरेच जण थेट माणिक, नीलम नाहीतर पाचूकडे धावतात. आमचं स्पष्ट मत आहे की पहिलं वर्ष या तिघांना हात लावू नये. तापवणं, तेल भरणं, भेगांत काच ओतणं हे सगळे प्रकार यांच्यावर सर्रास होतात आणि ते ओळखायला नजर तयार असावी लागते. त्याऐवजी सात खरे खडे घ्या: ॲमेथिस्ट, सिट्रीन, लाल गार्नेट, पेरिडॉट, हिरवी टुर्मलिन, झिर्कॉन आणि स्पिनेल. प्रत्येक खडा एक-दोन कॅरेटचा असावा (एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम). त्याहून लहान खड्याच्या आत डोकावणं अवघड जातं.

उरलेले तीन खोटे, आणि खोटे म्हणूनच विकत घेतलेले: रंगीत काचेचा पैलूदार खडा, क्यूबिक झिर्कोनिया (हिऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम खडा, वरच्या झिर्कॉनपेक्षा वेगळा) आणि व्हर्नॉय पद्धतीचं कृत्रिम माणिक. हे माणिक सगळ्यात जास्त शिकवतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्युस्त व्हर्नॉय यांनी ही पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली. ॲल्युमिनाची (ॲल्युमिनियम ऑक्साइडची) भुकटी ज्योतीतून खाली पडते, वितळते आणि घुमटासारख्या माथ्यावर थरावर थर चढतात. म्हणून त्यात ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या खाचांसारख्या वक्र रेषा दिसतात. निसर्गात स्फटिक सपाट पृष्ठांवर वाढतो, त्यामुळे त्याच्या वाढीच्या रेषा सरळ असतात किंवा कोनात वळतात. हा फरक एकदा डोळ्यात बसला की पुढे फार कामाला येतो.

आता बघायचं कसं. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा आणि चिमट्यात धरलेला खडा त्याच्याकडे आणा. साधारण अडीच सेंटिमीटरवर तो स्पष्ट होईल. दोन्ही डोळे उघडे ठेवा, कोपरं टेबलावर टेकवा, दोन्ही हात एकमेकांना लावून स्थिर करा. उजेड बाजूने, पार्श्वभूमी काळी. आधी वरच्या पैलूवर नजर स्थिर करा, मग खडा हळूहळू जवळ आणत नजर आत उतरवा. ठिपका दिसला की खडा पुसून पुन्हा बघा, कारण नवशिक्यांचे निम्मे ‘दोष’ धुळीचे निघतात. काचेत गोल बुडबुडे आणि कडा झिजलेले पैलू सापडतील. झिर्कॉनमध्ये वरच्या बाजूने तिरकं पाहिलं की मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. पेरिडॉटमध्येही, पण जरा कमी. काचेत आणि स्पिनेलमध्ये त्या कधीच दुहेरी दिसत नाहीत. ॲमेथिस्टच्या बाबतीत मात्र भिंगाची मर्यादा मान्य करावी: कृत्रिम ॲमेथिस्ट इतकं स्वच्छ जमतं की पुष्कळदा प्रयोगशाळेशिवाय सांगता येत नाही.

नावांनी फसू नका. ‘पुष्कराज’ म्हणून पिवळा नीलमही विकला जातो आणि टोपाझही, आणि दोन्ही वेगळी खनिजं आहेत. शेजारी सिट्रीन म्हणजे सुनेला ठेवला की तिघं डोळ्यांना सारखेच. ब्रिटिश राजमुकुटातलं ‘ब्लॅक प्रिन्सचं माणिक’सुद्धा प्रत्यक्षात स्पिनेल आहे.

अशा वेळी सापेक्ष घनता, म्हणजे खडा तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा किती पट जड आहे, ते मोजा. ०.००१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हवा. खड्याचं कोरडं वजन करा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा आणि बारीक दोऱ्याने खडा पाण्यात लोंबता सोडा. तळाला किंवा कडेला तो लागता कामा नये. आता दिसणारा आकडा म्हणजे बाजूला सरलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्याने भागा. १.६०० ग्रॅमच्या पिवळ्या खड्याला ०.४०० आलं तर उत्तर ४.००, म्हणजे नीलम. ०.४५३ आलं तर ३.५३, टोपाझ. ०.६०४ आलं तर २.६५, सिट्रीन. उत्तर हटकून कमी येत असेल तर खड्याला हवेचा बुडबुडा चिकटलेला असतो. पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाका आणि खडा मऊ ब्रशने ओला करून घ्या. एका कॅरेटचा नीलम जेमतेम ०.०५ ग्रॅम पाणी सारतो, त्यामुळे ०.०१ ग्रॅमचा काटा इथे निरुपयोगी. शिवाय कृत्रिम नीलमाचीही घनता ४.०० च येते. काटा खनिज सांगतो, जन्म सांगत नाही. त्यासाठी पुन्हा भिंगच. ओपलचे चिकटवलेले थर आणि सच्छिद्र पिरोजा पाण्यात बुडवू नका.

खडे एकाच डबीत ठेवणं ही सगळ्यात नुकसानकारक चूक. मोह्सच्या काठिण्यमानावर (खनिजांच्या कठीणपणाची १ ते १० अशी श्रेणी) टोपाझ ८ आणि ॲमेथिस्ट ७, म्हणजे एकाच पुडीत हलले तरी ॲमेथिस्टवर ओरखडे उमटणार. प्रत्येकाची वेगळी कागदी पुडी करा किंवा फोम लावलेली छोटी डबी घ्या. धुळीतही ७ काठिण्याचे क्वार्ट्झचे कण असतात, म्हणून पेरिडॉट कोरड्या फडक्याने खसाखसा पुसू नका. आधी कोमट साबणपाण्याने धुवा. टोपाझ कठीण असला तरी एका दिशेने सहज चिरतो, फरशीवर पडला तर दोन तुकडे होऊ शकतात. ॲमेथिस्ट आणि त्याहूनही कुन्झाइट (गुलाबी-जांभळा रत्नखडा) उन्हात फिके पडतात. पुढे कधी पाचू घेतलात तर तो दागिने साफ करणाऱ्या अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींच्या) यंत्रात टाकू नका, भेगांतलं तेल निघून जातं आणि लपलेल्या चिरा उघड्या पडतात. टुर्मलिनवर जास्त धूळ बसते असं वाटलं तर तो भास नाही. ती गरम झाली की तिच्यावर विद्युतभार येतो आणि धूळ खेचली जाते.

वही पहिल्या खड्यापासून ठेवा, दहाव्यापासून नाही. क्रमांक, नाव, दोन दशांशांपर्यंत कॅरेट, मिलिमीटरमध्ये लांबी-रुंदी-खोली, घाट, तारीख, आणि विक्रेत्याने उगम आणि प्रक्रियेबद्दल सांगितलेलं जसंच्या तसं. बाजूच्या रकान्यात भिंगातून तुम्हाला काय दिसलं त्याचं रेखाटन करा: कुठल्या पैलूखाली सुईसारखा कण, कुठे भेग. सहा महिन्यांनी पुडीवरची चिठ्ठी निघून पडली किंवा दोन लाल खडे एकमेकांत मिसळले, तर कोणता कुठला हे त्या रेखाटनावरून लागेल.